पडताळणी हवी, अंदाजपंचे वसुली नको

बेरोजगारांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्यातील बनवेगिरी रोखण्यासाठी संगणकीय पडताळणी सक्तीची करावी, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. करदात्यांचा पैसा खोट्या दावेदारांकडे जाऊ नये, हे मान्यच. मात्र ऑस्ट्रेलियाने ‘रोबोडेट’ योजनेत हाच मार्ग धरला होता. वर्षभराच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढायची आणि ‘जादा मदत घेतली’ म्हणून वसुलीची नोटीस धाडायची, अशी ती पद्धत. काही महिने काम आणि उरलेले महिने घरी बसलेला माणूस या हिशेबात आपोआप लबाड ठरे. निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच! २०१९ मध्ये न्यायालयात ही वसुली बेकायदा ठरली आणि सरकारवर ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत करण्याची वेळ आली.

शिवाय अनेक जण किरकोळ काम दडवतात, ते काम मिळताच मदत तुटते म्हणून. ब्रिटनने २०२१ मध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या बेरोजगार व कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी मदतीतील कपात कमाईच्या प्रत्येक पौंडामागे ६३ पेन्सवरून ५५ पेन्सवर आणली. तीही मोठीच, पण दिशा योग्य आहे. कमाई उघडपणे सांगणे परवडू लागले, तर लपवाछपवीचे एक मोठे कारण कमी होईल. तोवर निदान वसुलीची नोटीस निघण्यापूर्वी एखाद्या अधिकाऱ्याने संबंधिताची कागदपत्रे स्वतः तपासून त्यावर सही करावी, एवढा नियम तरी असावा.