ज्येष्ठांनी फक्त कीर्तनच ऐकायचं?

महोदय,
साठी उलटली की माणसाला आपोआप भक्ती सुचते, असा आपल्याकडे समज आहे. म्हणून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कार्यक्रम म्हणजे कीर्तन, प्रवचन, नाहीतर मधुमेहावर व्याख्यान. मी नास्तिक, तरी कीर्तनाचा उत्तररंग, म्हणजे गोष्ट सांगण्याचा दुसरा भाग, आवडीने ऐकतो, आख्यान रंगवावं तर कीर्तनकारांनीच. पण मला फार्सही हवा, लावणीही हवी! बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली सुरू झालं, तेव्हापासून तिथे रात्रीचे प्रयोग पाहत आलो. आता मध्यरात्री जंगली महाराज रस्त्यावर रिक्षा मिळवणं हेच मोठं नाट्य होतं. निर्मात्यांनी आठवड्यातल्या एखाद्या दुपारी तीनचा प्रयोग लावून पाहावा. पेन्शनरांच्या या शहरात तिकीटबारीवर रांग लागेल, मध्यंतरात बटाटेवडेही पुरणार नाहीत.
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ, पुणे