बंदूक हात बदलते तेव्हा घेणारा कोण ते बघायलाच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात महिन्यातनं एकदोनदा तरी ती बातमी असतेच, गावठी पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसं घेऊन फिरणारा तरुण ताब्यात, खाली टीमचा फोटो. आपण वाचतो आणि पान उलटतो. मी पण तेच करायचे, पण गेल्या वर्षी बाबा गेले आणि आमच्याच घरात एका बंदुकीचं काय करायचं हा प्रश्न आला, तेव्हापासून हा विषय डोक्यातनं जात नाही म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर भुदरगड तालुक्यात. बाबांकडे सिंगल बार बारा बोअरची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या लायसन्सवर घेतलेली. आमच्याकडं रान जंगलाला लागून, रात्री डुकरं आली की भात पार लोळवून जातात आणि गवे ऊसात शिरले तर विचारूच नका. गव्याला मारायचं नसतंच, कायद्यानंच बंदी आहे, बाबा नुसता हवेत बार काढायचे, तेवढ्यावर कळप परत फिरायचा. निवडणूक आली की बंदूक पोलिस स्टेशनला जमा, आचारसंहिता संपली की परत आणायची, आणि त्या मधल्या दिवसांत रानाचं काय व्हायचं ते व्हायचं. लहानपणी आम्हाला त्या बंदुकीला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत, काडतुसं वेगळ्या पेटीत कुलपात. तर सांगायचा मुद्दा, मी बंदुकीच्या विरोधातली बाई नाही. ज्या जिल्ह्यानं २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झालेली तेजस्विनी सावंत दिली, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेणारी राही सरनोबत दिली आणि पॅरिसला ब्राँझ आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे दिला, त्या जिल्ह्यात कोण कशाला विरोधात असेल.

बाबा गेल्यावर दिवसकार्य झालं आणि धाकटा भाऊ म्हणाला, आक्का कशाला जमा करायची, राहू दे की माळ्यावर, रानात लागती. मला पण तेव्हा त्यात काही चूक वाटलं नाही. नंतर कळलं की लायसन्स माणसाच्या नावावर असतं, माणूस गेला की घरातल्या दुसऱ्या कुणालाही ती बंदूक ठेवायचा हक्क राहत नाही, विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलिस स्टेशनला नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायची असते, १९५९ च्या शस्त्र कायद्याचं २१ वं कलमच आहे तसं. म्हणजे माझा भाऊ, ज्यानं आयुष्यात कुणाला चापट मारली नाही, तो चार महिने गुन्हा करत होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

त्या चार महिन्यांत एकजण घरी आला. ओळखीच्याच्या ओळखीतला, राज्याबाहेरचा. म्हणाला बंदूक विकायची असेल तर रोख देतो, कागदाचं मागनं बघू. भावाला पैशाची गरज होती, कर्ज होतं, तो हो म्हणायच्या बेतात होता. मी त्या दिवशी गावाकडं होते म्हणून, नाहीतर बाबांचा नंबर कोरलेली बंदूक कुणाच्या हातात गेली असती आणि त्यातनं कधी कुणावर गोळी सुटली असती तर पोलिस आमच्याच दारात. मी त्या माणसाला चहा दिला आणि लायसन्स दाखवा म्हटलं. तो चहा पिऊन गेला, परत आला नाही.

मग मी चौकशी केली. एका ऑफिसात सांगितलं तिकडं जा, तिथं सांगितलं साहेब मीटिंगला, असं तीनदा. शेवटी ओळखीतल्या एका निवृत्त क्लार्क काकांनी शांतपणे बसवून समजावलं. आपल्याकडं खाजगी माणसानं आपली बंदूक दुसऱ्याला विकायला बंदी नाही, डीलर असायला लागत नाही, पण घेणाऱ्याकडं लायसन्स पाहिजे आणि विकायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांना नाहीतर जवळच्या पोलिस स्टेशनला लेखी कळवायचं, कुठली बंदूक, कुणाला देणार, आणि तिथनं पुढं निदान ४५ दिवस थांबायचं. पाचव्या कलमात हे सगळं आहे. आम्हाला तर विकताच येत नव्हती कारण ती आमच्या नावावरच नव्हती.

अजून एक काकांनी सांगितलं आणि मला फार वाईट वाटलं. २०१६ च्या नियमांप्रमाणं लायसन्सवाला ७० वर्षांचा झाला किंवा त्यानं २५ वर्षं बंदूक सांभाळली की तो हयात असतानाच वारसाला लायसन्ससाठी अर्ज करता येतो. बाबा गेले तेव्हा ७८ चे होते. आठ वर्षं आमच्याकडं रस्ता मोकळा होता आणि रिन्यूवलला इतक्यांदा गेले तरी एकानंही त्यांना सांगितलं नाही की काका आता मुलाच्या नावावर करून घ्या.

आता हे सगळं मी दिवाळीत माझ्या भाच्याला सांगत होते, तो टेक्सासला डॅलसजवळ असतो, आणि तो ऐकून गप्पच झाला. मग त्यानं त्याच्या ऑफिसातली गोष्ट सांगितली. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकानं रायफल विकायला काढली, नेटवर जाहिरात टाकली, घेणारा एका मॉलच्या पार्किंगमध्ये आला, पैसे दिले, रायफल गाडीत टाकली आणि गेला. दहा मिनिटांत काम झालं. त्याआधी त्यानं भाच्याला पण विचारलं होतं तुला पाहिजे का म्हणून. भाचा व्हिसावर आहे, आणि तिथला केंद्राचा कायदा व्हिसावरच्या माणसाला शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर बंदूक घेऊच देत नाही. विकणाऱ्यानं ते विचारलंच नाही, आणि टेक्सासमध्ये विचारायची सक्ती पण नाही.

दुकानातनं घेतली तर गोष्ट वेगळी, तिथं ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार सरकारी यंत्रणेकडनं नाव तपासून घेतो, १९९३ च्या ब्रॅडी कायद्यानं हे आलं आणि १९९८ पासून ते कॉम्प्युटरवर चालतं. पण कायद्यानं ही तपासणी फक्त लायसन्सवाल्या दुकानदारावर घातली. घरची बंदूक विकणाऱ्या साध्या माणसावर केंद्राचं मुख्य बंधन एवढंच, की दुसऱ्या राज्यातल्या माणसाला थेट विकायची नाही, ती डीलरच्या मार्फतच जायला पाहिजे आणि ज्याला बंदी आहे असं माहीत आहे किंवा तसं वाटायला सबळ कारण आहे त्याला द्यायची नाही. माहीत नसलं तर सुटला. मग ज्याला दुकानात नाही म्हणतील तो दुकानात जाईलच कशाला?

आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्याच मिडलंड आणि ओडेसा या गावांत एकानं गाडीतनं गोळ्या घालत सात माणसं मारली. तो २०१४ ला बंदूक घ्यायला गेला होता तेव्हा तपासणीत नापास झाला होता. पुढं त्यानं रायफल घेतली ती खाजगी माणसाकडनं, तपासणी न होता. म्हणजे यंत्रणेनं त्याला बरोबर ओळखलं होतं, अडवलं पण होतं, आणि शेजारचं दार उघडं होतं.

सगळ्या राज्यांत असं नाही हेही भाच्यानंच सांगितलं. कॅलिफोर्नियात खाजगी व्यवहार पण डीलरच्या दुकानात जाऊनच करायचा, नाव तपासलं जातं आणि बंदूक दहा दिवसांनी हातात पडते. कोलोरॅडोनं २०१३ ला तसा कायदा केला, वॉशिंग्टन राज्यात २०१४ ला लोकांनी स्वतः मतदान करून आणला. टेक्सासनं उलट २०२१ पासून बंदूक बाळगून फिरायला परमिटसुद्धा लागणार नाही असं केलं. एकाच देशात. आणि राज्याच्या हद्दीवर काही भिंत नसते. शिकागोत नियम कडक, पण तिथं जप्त होणाऱ्या बंदुकांत शेजारच्या इंडियानातनं आलेल्या बऱ्याच असतात, हे त्या शहरानंच आपल्या अहवालात लिहिलंय. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायला नको, आंबोली आणि राधानगरीच्या रस्त्यानं गोवा बनावटीची दारू कशी येते आणि का येते हे कोल्हापुरात शेंबड्या पोराला पण माहीत आहे. तिथं दारू स्वस्त, इथं महाग, मधे घाट. बंदुकीचं तसंच आहे, जिथं सैल तिथनं ती निघते आणि जिथं कडक तिथं माणूस मरतो.

यावर लोक म्हणतील की आपल्याकडं कायदा सगळ्या देशाला एकच आहे, मग राज्याराज्याचा प्रश्नच कुठं? (कर्नाटकातल्या कोडगूसारखे अपवाद आहेत, तिथल्या कोडव लोकांना आणि जम्मा म्हणजे वंशपरंपरेनं आलेल्या जमीनवाल्यांना लायसन्समधनं सूट आहे, पण ती जुनी आणि मोजक्या लोकांची गोष्ट.) कायदा एक आहे हे खरं, पण तो चालवणारी ऑफिसं शेकडो आहेत. २०१६ च्या शेवटी देशात साधारण ३३ लाख ६९ हजार लायसन्स होती, त्यातली पावणेतेरा लाख एकट्या उत्तर प्रदेशात, आणि आपल्या महाराष्ट्रात ८४ हजाराच्या आसपास. लोकसंख्या बघितली तरी हा फरक पटण्यासारखा नाही, म्हणजे कुठं देताना हात सैल आणि कुठं आखडता हे दिसतंच. जम्मू काश्मीरचं तर २०१२ ते २०१६ मधल्या २ लाख ७८ हजार लायसन्सचं प्रकरण सीबीआयकडं गेलं, तिथं न राहणाऱ्या माणसांना पैसे घेऊन लायसन्स दिल्याचा आरोप आहे. तसा एखादा कागद घेऊन कुणी भुदरगडात माझ्या भावासमोर उभा राहिला असता तर भावानं काय ओळखलं असतं? शिक्का होता, फोटो होता, दिली असती.

दुसरं म्हणतील की लायसन्सवाला गुन्हा करत नाही, गुन्हे गावठी कट्ट्यानं होतात. हे बऱ्याच अंशी बरोबर आहे आणि ते मी नाकारत नाही. कोल्हापूरकरांना ते कुणी सांगायला नको, १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी सागरमाळात कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांवर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी अण्णा गेले. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. पण म्हणून लायसन्सच्या बंदुकीकडं बघायचंच नाही असं कसं चालेल. कट्टा बनतो तिथं पोलिसांनी धाड घालायची, ते पोलिसांचं काम. माळ्यावर पडलेली, मालक गेलेली, कुणाच्याच नावावर नसलेली बंदूक ही मात्र कागदानं आटोक्यात येणारी गोष्ट आहे, आणि तेवढं तरी आपण करत नाही.

म्हणून माझं जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षक यांना तुमच्या पेपरातर्फे सांगणं आहे. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते तेव्हाच त्या माणसाच्या नावावर शस्त्र लायसन्स आहे का हे बघा आणि घरच्यांना एक साधं मराठीतलं पत्र द्या, कुठं जमा करायची, वारसानं अर्ज कसा करायचा, किती दिवसांत. नोटीस म्हणून धमकावणारं नको, लोक घाबरून बंदूक विहिरीत टाकतील. सत्तरी ओलांडलेल्यांना रिन्यूवलच्या वेळीच वारसाचं सांगा. आणि प्रत्येक लायसन्सला आता देशभरासाठी एक नंबर असतो, यूआयएन म्हणतात, तर विकणाऱ्याला तो नंबर टाकून समोरच्याचं लायसन्स खरं आहे का आणि आज चालू आहे का एवढं हो किंवा नाही मध्ये कळू दे, मग लायसन्स जम्मूचं असो नाहीतर आजऱ्याचं. ४५ दिवसांची वाट बघायला कुणाची ना नाही, पण त्या ४५ दिवसांत अर्ज टेबलावर नुसता पडून राहणार असेल तर लोक पार्किंगमधला रस्ता धरतील, भाच्यानं सांगितला तसा.

आमची बंदूक सध्या डीलरकडं जमा आहे. पावती माझ्या कपाटात आहे, भावाचा लायसन्सचा अर्ज गेलाय, तीन महिने झाले, अजून चौकशीला कुणी आलेलं नाही. गेल्या आठवड्यात गव्यांनी बांधाकडचा अर्धा एकर ऊस मोडला.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर