आत्यांच्या ठेवीबद्दल, नाशिकहून

नाशिकरोड,
रविवार

प्रिय बंड्या,

पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींचं बघायला आत्यांकडे जाऊन आलो. पावत्या पाहिल्या, पासबुक पाहिलं, चहा झाला, पोहे झाले. तू फोनवर एका वाक्यात विचारलंस, "केस टाकायची का?" टाकायची. पण ग्राहक आयोगातल्या तक्रारीत कुणाकुणाला पार्टी म्हणजे प्रतिवादी करायचं, सोबत आणखी कुठे अर्ज द्यायचा, हे आधी नीट ठरवायला हवं. नाहीतर वर्षा-दोन वर्षांनी निकालाचा कागद हातात येईल आणि पैसा तिथेच राहील. असे कागद घेऊन फिरणारी माणसं मी रोज बघतो. प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून इथल्या ग्राहक चळवळीतल्या मंडळींबरोबर बसतो, तुला माहीत आहेच. निफाडचा द्राक्षवाला, सातपूरचा कामगार, देवळालीच्या पेन्शनर बाई, सगळ्यांच्या पिशवीत तोच ऐवज: लॅमिनेट केलेली ठेव पावती. (लॅमिनेट करू नका म्हणून किती सांगतो. पाठीमागचा सही-शिक्का त्यात पुसट होतो. पण लोकांना वाटतं, जपलं.)

आधी आत्यांचं नेमकं काय आहे ते सांगतो. तीन पावत्या आहेत. एक तीन लाखांची, एक अडीच, एक दीड. आतोबांची ओझरच्या नोकरीची ग्रॅच्युइटी आणि सिन्नरच्या जमिनीचा वाटा, सगळं त्यात. दोन पावत्यांची मुदत गेल्या दिवाळीत संपली. दीड लाखाची त्याआधीच संपली होती, तिला आता दीड वर्ष होत आलं. ही तिसरी मला सगळ्यात काळजीची वाटते. ग्राहक कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, कलम 69. ठेवीचे पैसे दिले नाहीत तोवर तक्रारीचं कारण रोज चालूच राहतं, असं वकील मांडतात आणि आयोग बऱ्याचदा मानतोही. उशीर माफीचा अर्जही करता येतो. पण आपण कशाला त्या भरवशावर राहायचं? दिवाळीच्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे.

दुसरी गोष्ट त्याच पावतीची. ती मूळ पावती आत्यांकडे नाहीच! "व्हेरिफिकेशनसाठी द्या, आठ दिवसांत परत करतो" म्हणून शाखेत ठेवून घेतली आणि झेरॉक्स दिली. झेरॉक्सच्या मागे "मुदत संपल्याने नूतनीकरण" असा रबरी शिक्का, हिरव्या शाईत सही, तारखेची जागा कोरी. बघ म्हणजे! तारीख कोरी असली की उद्या संस्थेने सांगावं, ठेव पाच वर्षांसाठी रिन्यू झालीय, मुदत अजून संपलेलीच नाही. आत्या म्हणतात, मी रिन्यूच्या फॉर्मवर सही केलेली नाही. तर त्यांच्या नावाने शाखेला आणि मुख्य कार्यालयाला एक साधं पत्र द्यायचं: मूळ पावती परत द्या, खातेउतारा द्या. आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच द्यायला नकार दिला तर तेच पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवायचं. उरलेल्या दोन मूळ पावत्या कुणी कितीही गोड बोललं तरी हातातून सोडायच्या नाहीत, हे मी आत्यांना दोनदा बजावलंय. पासबुक मात्र चांगलं आहे. दर तिमाहीचं व्याज छापलेलं आहे, तिन्ही खात्यांचे नंबर आहेत. मूळ पावती मिळाली नाही तरी त्यावर भागेल.

शेजारच्यांनी आत्यांना सांगितलं होतं की सरकारचा पाच लाखांचा विमा असतो, घाबरू नका. तो विमा बँकेतल्या ठेवींना. आधी तो एक लाख होता, 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख झाला. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेला नावात 'बँक' शब्द लावायची मुभा नाही, पण पाटीवर 'बँकिंग सुविधा उपलब्ध' असं रंगवायला कोण अडवतो? काउंटर तसाच, काच तशीच, टोकन तसंच. आत्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पोह्यांच्या ताटल्या उचलून आत गेल्या. मला जरा जड गेलं.

आता ग्राहक आयोगाचं. जिल्हा आयोगात 50 लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. ही रक्कम भरलेल्या पैशांची धरतात, व्याजासकट नाही. आत्यांचे सात लाख, म्हणजे नाशिकलाच. फी 200 रुपये. पाच लाखांपर्यंत तर फीच नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आत्या स्वतः उभ्या राहू शकतात किंवा अधिकारपत्र देऊन तुला प्रतिनिधी करू शकतात. 2019 च्या कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय आली आणि व्हिडिओवरून सुनावणी मागायचीही. आत्यांचे गुडघे बघता ती मागायची. दाखल करायचं काम ई-जागृती पोर्टलवर होतं. ते मी इथून करीन, तुला पुण्याहून रजा टाकून यायची गरज नाही.

समोरचा वकील पहिल्याच तारखेला काय म्हणेल तेही सांगतो, म्हणजे तुझा धीर सुटणार नाही. म्हणेल, ही सहकारी संस्था, आत्या सभासद, हा सभासद आणि संस्था यांच्यातला वाद, सहकार न्यायालयात जा. ते उत्तर जुनं झालं. तमिळनाडूतल्या एका कृषी पतसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2003 च्या अखेरीलाच सांगितलंय की सहकार कायदा आड येत नाही, ग्राहक मंचाचा दरवाजा वेगळा आणि जादाचा आहे. मग म्हणेल, म्हणणं म्हणजे लेखी उत्तर द्यायला मुदत हवी. तीस दिवस, वर फार तर पंधरा. त्यापुढे आयोगालाही वाढवून देता येत नाही, हे 2020 साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठरवून टाकलंय. आणि संस्था खरं म्हणणं तरी काय देणार? पावती त्यांची, शिक्का त्यांचा. म्हणून ठेवीच्या प्रकरणात निकाल बहुतेक ठेवीदाराच्या बाजूनेच लागतो. मुद्दल, ठरलेलं व्याज, मुदतीनंतरचं व्याज, मानसिक त्रासाचे काही हजार, खर्चाचे काही हजार.

खरी कसोटी त्यानंतर आहे.

निकालाची रक्कम दिली नाही तर दोन वाटा. कलम 71 खाली दरखास्त, म्हणजे दिवाणी हुकूमनाम्यासारखी जप्ती-वसुली. आणि कलम 72 खाली फौजदारी. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. चेअरमन मंडळी 71 ला हसतात आणि 72 ला घाबरतात. वॉरंट निघालं की आजवर 'बाहेरगावी' असलेला माणूस सकाळी साडेदहाला आयोगाच्या व्हरांड्यात हजर. खिशातून पंचवीस हजारांचा चेक काढतो, "बाकीचे हप्त्याने देतो साहेब" म्हणतो. माझ्या मते असे हप्ते घ्यावेत, पण मूळ रकमेवरचा हक्क सोडल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नये. चेक वटला नाही तर बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, ते वेगळं, चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं, कलम 138 चं प्रकरण.

पण चेअरमनला खेचायचं म्हणजे त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी यायला हवी, आणि गोम इथेच आहे. तक्रारीत लोक सगळ्या संचालकांची नावं घालतात, पंधरा-सतरा नावं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल दाखवून हे संचालक सुटून जातात: सहकार कायद्याच्या कलम 88 ची चौकशी होऊन त्यांच्यावर रक्कम निश्चित झालेली नसेल तर संस्थेचं देणं त्यांच्या खिशातून वसूल करता येत नाही. म्हणून मी म्हणतो, ग्राहक तक्रारीबरोबरच सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज द्यायचा: संस्थेच्या कारभाराची कलम 83 ची चौकशी लावली का, 88 कुठवर आलं, दोषारोप निश्चित झाले का. आणि ते कागद माहिती अधिकारात मागायचे. 88 चा अहवाल तक्रारीला जोडता आला तर संचालकांना पार्टी करण्यात अर्थ आहे. नाहीतर फक्त संस्था, चेअरमन, व्यवस्थापक, शाखाधिकारी एवढ्यांनाच करायचं. उगाच सतरा जणांना नोटिसा बजावण्यातच सहा महिने जातात. एक जण दुबईला, एक वारलेला, एकाचा पत्ता चुकीचा.

आणखी एक बघायचंय. संस्थेवर अजून तरी प्रशासक आहे, अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी, बसलेला नाही. अवसायक बसला तर सहकार कायद्याच्या कलम 107 प्रमाणे निबंधकांची परवानगी आणा असा नवा वाद सुरू होईल. म्हणूनही घाई.

तिसरी वाट पोलिसांची, एमपीआयडी. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा आपला महाराष्ट्राचा 1999 चा कायदा. सहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि मुख्य म्हणजे मालमत्ता जप्त करून सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात, मग विक्री, मग सगळ्या ठेवीदारांना प्रमाणात वाटप. पतसंस्थाही त्यात येतात. आत्यांच्या संस्थेबद्दल आर्थिक गुन्हे शाखेत तक्रारी गेल्यात असं ऐकतो, गुन्हा नोंदला की नाही ते मी या आठवड्यात विचारून घेतो. गुन्हा नोंदला असेल तर आत्यांचा जबाब आणि पावत्यांची यादी तिथे गेलीच पाहिजे. कारण एकदा त्या मंडळींचं गंगापूर रोडवरचं मंगल कार्यालय आणि दोन गाळे एमपीआयडीत जप्त झाले की ग्राहक आयोगाच्या दरखास्तीने त्यांना हात लावता येणार नाही. तिथला वाटा तिथल्या यादीत नाव असेल तरच. लोक एक वाट धरतात आणि दुसरी सोडतात. तसं करू नये. ग्राहक कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, असं कायद्यातच लिहिलंय, कलम 100.

तुला माझं खरं मत हवं असेल तर, एमपीआयडीची वाट जास्त न्यायाची आणि जास्त लांबची. ग्राहक आयोगात ज्याच्यात दम आहे, ज्याच्यामागे तुझ्यासारखा भाचा आहे, त्याला आधी मिळतं. आत्यांनीच मला विचारलं, "मला दिले तर तिथेच पैसे अडकलेल्या त्या भाजीवालीला कुठून देतील?" मी म्हटलं, आत्या, तुम्ही नाही घेतले म्हणून तिला मिळतील असंही नाही. त्यांना ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही, पण तक्रार टाकायचीच.

भाजीवालीवरून आठवलं. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणाऱ्या पोराचं नाव तक्रारीत घालायचं नाही, ही आत्यांची अट आहे. त्यानेच ठेवी आणून दिल्या होत्या, म्हणून तू चिडलेला आहेस. अरे, त्याच्या स्वतःच्या आईचे चार लाख त्याच संस्थेत आहेत! कमिशन तीन टक्के खाल्लं असेल, खाऊ दे. लोक त्याच्या दारात येऊन शिव्या देतात, आणि चेअरमनचा वाढदिवसाचा फ्लेक्स अजून चौकात लागतो. आत्यांची अट मला मान्य आहे आणि फायद्याचीही आहे. त्या पोराचं प्रतिज्ञापत्र मिळालं, की मुदत संपल्यावर पैसे न देता रिन्यू करून घ्या असं त्याला शाखेतून सांगितलं जायचं, तर तो कोरी तारीख असलेला शिक्का संस्थेच्याच अंगावर उलटेल. मी त्याच्याशी बोललोय. घाबरतोय, पण नाही म्हणाला नाही.

लोकांना वरच्या कोर्टाची भीती असते, तीही काढून टाक. संस्थेला राज्य आयोगात अपील करायचं तर 45 दिवसांत करावं लागतं आणि निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ज्यांच्याकडे आत्यांचे दीड लाख द्यायला नाहीत ते साडेतीन लाख भरून मुंबईला जातील असं मला वाटत नाही. आणि भरलेच, तर तेवढे तरी पैसे त्यांच्या हातातून निघून आयोगात आले.

वहिनींना एक सांग, आत्यांना रोज फोन करून "पैसे मिळतील ना?" विचारू नका म्हणावं. त्यांना झोप लागत नाही. त्यापेक्षा गौरी-गणपतीला चार दिवस येऊन जा.

तर आता तुझी कामं. आत्यांचं अधिकारपत्र तुझ्या नावाने करायचंय, मसुदा पाठवतो, तुझ्या आधारची प्रत लागेल. आतोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत तुझ्याकडे असेल तर पाठव. अडीच लाखांची पावती दोघांच्या नावावर आहे आणि आत्यांना दाखला सापडत नाहीये. ग्रॅच्युइटीचा चेक ज्या बँकेतून संस्थेत वळवला तिथला त्या वर्षीचा उतारा मागवायचाय, त्यासाठी खाते नंबर विचारून घे. नोटिशीचा कच्चा मसुदा मी केलाय. पंधरा दिवसांची मुदत घातलीय. बुधवारपर्यंत तुझं उत्तर आलं तर गुरुवारी पोस्टात टाकतो.

तुझाच,
अण्णा