मायलिन म्हणजे तारेवरचे प्लास्टिक नव्हे

संपादक महोदय,
स. न.

आपल्या आरोग्य पुरवणीत नसांच्या विकारांवर आलेला लेख सोप्या भाषेत होता. मात्र त्यातली एक उपमा आणि एक सल्ला, दोन्ही खटकले. उपमा होती नसेतल्या तंतूंवरच्या आवरणाला, म्हणजे मायलिनला, दिलेली विजेच्या तारेवरच्या प्लास्टिकची. सल्ला असा, की नसेवरचे आवरण खराब झाले तर इम्युनोग्लोब्युलिनचे (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडींचे) कोर्स घ्यावेत आणि तरीही गुण आला नाही तर आजार औषधाला दाद देत नाही असे समजावे. हा सल्ला चुकला तो त्या उपमेमुळेच.

प्लास्टिक तारेवर नुसते चढवलेले असते. मायलिन हे श्वान (Schwann) पेशीचे, म्हणजे नसेतल्या आधार पेशीचे, स्वतःचे पटल आहे, अक्षतंतूभोवती (संदेश वाहणाऱ्या चेतापेशीच्या लांब तंतूभोवती) अनेक फेरे घेऊन घट्ट बसलेले. हातापायांच्या नसांत एक श्वान पेशी एकाच तंतूचा एकच तुकडा झाकते. हा तुकडा फार तर एखाद-दीड मिलिमीटरचा. मग सुमारे एक मायक्रॉनची उघडी जागा, म्हणजे रॅन्व्हिएची गाठ, आणि तिच्यापलीकडे दुसरी पेशी सुरू. पेशीने तंतूला आणि स्वतःच्या थरांना धरून ठेवायचे ते पटलातल्या चिकटणाऱ्या प्रथिनांच्या जोरावर. ही प्रथिने जागोजागी वेगळी असतात, आणि त्यातले कोणते निकामी झाले यावर आजारही ठरतो, उपचारही.

थर एकमेकांना धरतात ते प्रामुख्याने ‘पी-झीरो’ या प्रथिनामुळे. हातापायांच्या नसांतील मायलिनमध्ये जेवढी प्रथिने असतात त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या पी-झीरोची. त्याचा बाहेर आलेला भाग समोरच्या थरातल्या पी-झीरोलाच चिकटतो. पहिल्या गुणसूत्रावरच्या एमपीझेड या पी-झीरोच्या जनुकात दोष आला की शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक विकाराचा ‘१ब’ प्रकार होतो. गंमत म्हणजे जनुक तेच असूनही काही उत्परिवर्तनांत मूल चालायला लागतानाच अडखळते, तर काहींत चाळिशी उलटेपर्यंत काही जाणवत नाही. काही वेळा बिघडलेले प्रथिन पेशीच्या आतच अडकते, काही वेळा पटलापर्यंत पोहोचते पण पकड धरत नाही. आणि हे प्रथिन जास्त झाले म्हणून फायदा होतो असेही नाही. उंदरांत त्याच्या जनुकाच्या जादा प्रती घातल्या, तेव्हा पटल वेढे पुरे होण्याआधीच आपल्याआपल्यात चिकटले आणि गुंडाळण्याचे काम तिथेच थांबले. अशा आनुवंशिक विकारात स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा बी-१२ची इंजेक्शने आवरण दुरुस्त करत नाहीत. बी-१२ कमी असेल तर ते द्यावेच, पण तो वेगळा प्रश्न. अशा रुग्णाला कर्करोगासाठी व्हिनक्रिस्टिन देण्याची वेळ आली, तर डॉक्टरांना हा विकार आधी सांगितलाच पाहिजे, कारण त्या औषधाने नसा झपाट्याने बिघडू शकतात.

पेशीच्या बाहेरच्या अंगाची पकड लॅमिनिन या पेशीभोवतालच्या अस्तरातल्या प्रथिनावर असते. कुष्ठरोगाचा जंतू श्वान पेशीत शिरताना याच जोडणीचा आधार घेतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मूळ लेखातून पूर्णपणे निसटली ती गाठीलगतची जागा. तिथे मायलिनचा प्रत्येक थर एका फुगीर वळशात संपतो आणि हा वळसा अक्षतंतूला घट्ट जोडलेला असतो. वळशाच्या बाजूला न्यूरोफॅसिन-१५५, तंतूच्या बाजूला काँटॅक्टिन-१ आणि कॅस्पर-१ यांची जोडी. या जोडणीमुळे गाठीतल्या सोडियम वाहिन्या आणि आवरणाखालच्या पोटॅशियम वाहिन्या आपापल्या हद्दीत राहतात. जोडणी सैल पडली की प्रवाह गळतो, हद्दी मोडतात आणि संदेश मंदावतो किंवा मधेच विरतो. आवरणाची जाडी मात्र तशीच असते, थरही शाबूत असतात. म्हणजे ‘प्लास्टिक’ जागच्या जागी आहे आणि तरीही रुग्णाला उभे राहता येत नाही.

काही रुग्णांत नेमक्या याच प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. त्या बहुतेक वेळा आयजीजी-४ गटातल्या असतात. हा गट कॉम्प्लिमेंट यंत्रणेला (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांच्या साखळीला) फारसा चेतवत नाही, मोठा दाहही घडवत नाही. तो दोन प्रथिनांच्या मध्ये येऊन त्यांना जुळू देत नाही, एवढेच. इम्युनोग्लोब्युलिनचा बराचसा परिणाम कॉम्प्लिमेंट आणि एफसी रिसेप्टर (संरक्षक पेशींवरची, अँटिबॉडीची शेपटी पकडणारी प्रथिने) यांच्यामार्फत होतो. त्यामुळे किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, असा पूर्ण डोस २ ते ५ दिवसांत विभागून दिला तरी या रुग्णांत सहसा हवा तसा उतार पडत नाही. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच या आजारांना सीआयडीपीतून (प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्याने नसांचे आवरण खराब होण्याच्या दीर्घकालीन आजारातून) बाहेर काढून ‘ऑटोइम्यून नोडोपॅथी’ असे वेगळे नाव दिले.

संशय कधी घ्यावा? अशक्तपणा काही आठवड्यांत झपाट्याने वाढला, तोल जाऊ लागला, हातांना मोठा, संथ कंप आला, पाठीतल्या पाण्यात प्रथिने खूप वाढलेली आढळली, आणि नेहमीच्या उपचाराने फरक पडेना, तर ही तपासणी करायलाच हवी. कंप विशेषतः न्यूरोफॅसिन-१५५ च्या रुग्णांत दिसतो. काँटॅक्टिन-१ विरुद्धच्या अँटिबॉडी असतील तर लघवीतून प्रथिने जातात का तेही पाहावे, कारण काहींच्या मूत्रपिंडालाही बाधा होते.

तपासणीत चुका होतात त्या बहुधा नमुना आणि मागणी यांत. रक्त इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याच्या आधी घ्यावे. एकात दात्यांच्या अँटिबॉडी मिसळतात, दुसऱ्यात रुग्णाच्या अँटिबॉडी काढून टाकल्या जातात. ‘नसांच्या अँटिबॉडी’ एवढेच लिहून पाठवले, तर गँग्लिओसाइड या नसांतल्या वेगळ्याच, स्निग्ध रेणूंविरुद्धच्या अँटिबॉडींचा संच होऊन येतो आणि अहवाल निगेटिव्ह म्हणून फाइलला लागतो. मागणीपत्रावर न्यूरोफॅसिन-१५५, काँटॅक्टिन-१ आणि कॅस्पर-१ ही नावे स्पष्ट हवीत. न्यूरोफॅसिन-१८६ हे त्याच जनुकापासून बनते, पण ते गाठीत, तंतूच्या बाजूला असते. त्यामुळे अहवालात नुसते ‘न्यूरोफॅसिन’ असेल तर कोणते, हे विचारून घ्यावे. पद्धत पेशींवरची असावी: हे प्रथिन पटलावर आणलेल्या पेशींवर रुग्णाचा सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) टाकतात आणि चमकणाऱ्या दुय्यम अँटिबॉडीने पाहतात. शेजारी ते प्रथिन नसलेल्या पेशीही हव्यात, नाहीतर साधी पार्श्वभूमीची चमक पॉझिटिव्ह ठरते. फक्त एलायझावर (पेशींऐवजी प्लेटवर चिकटवलेल्या प्रथिनावर केलेल्या चाचणीवर) निर्णय घेऊ नये. शंका असेल तर प्राण्याच्या सुट्या केलेल्या चेतातंतूंवर सीरम लावून पाहतात. खरा पॉझिटिव्ह असेल तर गाठीच्या दोन्ही अंगांना चमक दिसते. अँटिबॉडी कोणत्या गटातल्या आहेत हेही कळवायला सांगावे.

निदान पक्के झाल्यावर अनेक तज्ज्ञ रिटुक्सिमॅब या औषधाकडे वळतात. ते अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या टप्प्यावरच्या बी-पेशी हटवते, म्हणून परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही म्हणून उपचार सोडू नयेत. सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस-बीची तपासणी अनिवार्य आहे, कारण दबलेला विषाणू या औषधाने उसळू शकतो. पुढे अँटिबॉडीचे प्रमाण ठरावीक अंतराने मोजत राहिले तर पुढचा डोस कधी द्यायचा याचा अंदाज येतो.

सीआयडीपी म्हणून उपचार घेणाऱ्यांत असे रुग्ण थोडेच असतात, हे खरे. पण ज्यांना ‘आता काही उपाय नाही’ असे सांगून घरी पाठवले जाते, त्यांच्यात ते शोधायला हवेत. मूळ लेखातला सल्ला वाचून कोणी तपासणीआधीच थांबू नये, यासाठी एवढा खुलासा आपण छापावा, ही विनंती.

आपले,
चेतासंस्थेच्या आधार पेशींचे अभ्यासक