जुन्या पत्रांतील पक्षाघाताचे उपचार कोणत्या वेळेसाठी होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्याच्या पानावर सध्या जुन्या काळच्या उपचारांविषयी वाचकांची पत्रे येत आहेत आणि त्यांत अर्धांगवायूवरची तेले, शेक व काढे यांच्या कृती आवर्जून छापल्या जात आहेत. मी इंदुरात बरीच वर्षे अर्धांगाच्या रुग्णांना फिजिओथेरपी देतो, आणि जुन्या वैद्यांची पत्रे वाचण्याची मला आवडही आहे. त्यामुळे या चर्चेत राहून गेलेली एक गोष्ट लिहिणे मला अगत्याचे वाटते. पत्राने दिलेला सल्ला, तो कोणत्याही देशातला असो, अंगावरून वारे गेल्यानंतर कित्येक दिवसांनी रोग्यापर्यंत पोहोचत असे.

स्कॉटलंडमधील एडिंबरोचे वैद्य विल्यम कलन (१७१०–१७९०) यांना दूरदूरच्या गावांहून रोग्यांची पत्रे येत आणि बहुतेकांना न पाहताच ते उत्तर लिहीत. १७८१ पासून जेम्स वॉटच्या नक्कल-यंत्रावर त्यांनी आपल्या उत्तरांच्या प्रती ठेवल्या, म्हणून ती आज वाचायला मिळतात. त्या काळच्या टपालाने पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत जो रोगी तग धरून असे, त्याच्यासाठीच तो सल्ला होता. जो पहिल्याच रात्री दगावला, त्याच्यासाठी औषध विचारणारे पत्र कोणी लिहिलेच नाही. म्हणून अशा पत्रांत पहिल्या काही तासांचा उपचार शोधणे मुळातच चुकीचे आहे.

या विषयावरचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे पत्र मात्र वैद्याने लिहिलेले नाही. ते एका वैद्याला लिहिलेले आहे. विजेवर प्रयोग करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी २१ डिसेंबर १७५७ रोजी डॉ. जॉन प्रिंगल यांना पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या प्रयोगांची हकीकत कळवली. विजेने लकवा बरा होतो अशी बातमी पसरल्यामुळे ठिकठिकाणचे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले होते. रोग्याला विजेच्या आसनावर बसवून ते दुखऱ्या अंगातून ठिणग्या काढीत, मग सहा-सहा गॅलनच्या दोन काचेच्या बरण्यांत वीज साठवून त्यांचा एकत्रित धक्का त्या अंगाला देत, आणि हे दिवसातून तीनदा चाले. लुळ्या अंगात ऊब येई, रात्री मुंग्या आल्यासारखे वाटे. पहिल्या दिवशी ज्याला गुडघ्यावरचा हात उचलता येत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी चार-पाच इंच उचली, तिसऱ्या दिवशी आणखी वर नेई आणि पाचव्या दिवशी कसाबसा डोक्यावरची टोपी काढी. पाचव्या दिवसानंतर मात्र सुधारणा थांबे, रोगी निराश होऊन घरी परते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पूर्वीसारखा होई. कायमचा गुण आलेला एकही रोगी आपण पाहिला नाही, असे फ्रँकलिन यांनी स्वच्छ लिहिले आहे. जो तात्पुरता फरक दिसला, तोही प्रवासाच्या आणि रोज त्यांच्या घरी येण्याच्या श्रमामुळे आणि बरे होण्याच्या आशेमुळे असू शकेल, अशी शंकाही त्यांनी नोंदवली आहे. आपल्याच प्रयोगावर इतक्या निर्मळपणे शंका घेणारा माणूस कोणत्याही काळात विरळाच म्हणायचा.

आपल्याकडच्या शास्त्रातले उपचारही पहिल्या काही तासांसाठी नाहीत. सुश्रुतसंहितेत पक्षाघाताच्या प्रत्येक रोग्यावर उपचार करा असे म्हटलेले नाही. ज्याचे अंग वाळलेले नाही, जो स्वतःवर ताबा ठेवू शकतो आणि ज्याच्याजवळ साधनसामग्री आहे, त्याच्यावर उपचार करावेत असे तिथे सांगितले आहे. स्नेहन (तेल-तुपाने अंग स्निग्ध करणे), स्वेदन (शेकून घाम आणणे), सौम्य शोधन (पोट साफ करणे), बस्ती (गुदमार्गे औषध देणे), अभ्यंग (तेल चोळणे) हा सगळा क्रम तीन-चार महिने आळस न करता चालवायचा आहे. कृती उतरवून घेणारे नेमका हा भाग गाळतात आणि तेलाचे नाव तेवढे पुढे पाठवतात.

त्याचा परिणाम मी नित्य पाहतो. माणसाचे तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, हात पडला की घरचे आधी तेल तापवतात, तव्यावर वाळू गरम करून पुरचुंडी बांधतात, कोणी सियागंजाच्या बाजारात काष्ठौषधी आणायला धावतो. लुळ्या अंगाला अनेकदा चटका कळत नाही, म्हणून शेकाच्या जागी तळहाताएवढा फोड आलेले रुग्ण आमच्याकडे येतात. काढा पाजणे तर त्याहून घातक आहे. गिळण्याची शक्ती गेली असेल तर तो श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. पक्षाघात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने होतो. ही गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. गुठळी आहे की रक्तस्राव, हे घरी कोणालाही ओळखता येत नाही. देवास, महूहून निघालेला रुग्ण वेळेत इंदुरात पोहोचू शकतो. वेळ जातो तो निघण्याआधी, घरातच.

नीमचजवळच्या भादवामातेच्या बावडीच्या पाण्याने स्नान करून बरे झालेल्यांच्या हकिकती आपल्या माळव्यात घरोघरी ऐकू येतात. त्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण एक भेद वाचकांना माहीत असायला हवा. नुसता चेहरा वाकडा होणारा एक विकार चेहऱ्याच्या मज्जातंतूचा असतो आणि तो बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारतो. सुश्रुतानेही तोंड वाकडे होण्याचा विकार ‘अर्दित’ या नावाने पक्षाघाताहून वेगळा मोजला आहे. एकाचा गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाल्याने पुष्कळ गैरसमज वाढले आहेत, आणि चेहऱ्याबरोबर हात, पाय किंवा वाचा गेली असेल तर ते आपोआप बरे होईल म्हणून थांबता येत नाही.

जुनी पत्रे छापूच नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. इस्पितळातून घरी आल्यावर जे लांबलचक महिने येतात, त्यांच्यासाठी त्यांत शिकण्यासारखे खूप आहे. फ्रँकलिन यांचे रोगी पाचव्या दिवशी खचले; आमच्याकडचे पुष्कळ रुग्ण दुसऱ्या महिन्यात व्यायाम सोडतात आणि मग खांदा आखडतो, बोटे मुठीत वळतात. आपणास विनंती एवढीच आहे की, पक्षाघातावरचा कोणताही जुना उपचार छापताना तो पहिल्या दिवसासाठी नाही हे त्याच चौकटीत ठळक अक्षरांत लिहावे, आणि तोंड वाकडे होणे, एक हात पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही गोष्ट दिसताच तोंडात काहीही न घालता, सीटी स्कॅनची सोय असलेल्या इस्पितळात ताबडतोब न्यावे, ही सूचना सोबत द्यावी.

आपला नम्र,
एक वाचक, इंदूर