मे नको, सप्टेंबरात या

इन्सब्रुक, ऑस्ट्रिया,
फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

"मे का सप्टेंबर?" हा बाबांचा प्रश्न फोनवर तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा मी उत्तराला लागले की आईच्या कुकरची शिट्टी झाली. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मे नको. टूरवाले मे सुचवतात, कारण आपल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते. इथल्या डोंगराला त्याचं सोयरसुतक नाही. मेमध्ये खाली इन नदीच्या खोऱ्यात सगळं हिरवंगार असतं, पण दोन हजार मीटरच्या वर बर्फ अर्धामुर्धा वितळलेला. स्कीला निकामी, चालायला निसरडा. केबल कारवाले तपासणी-दुरुस्ती नेमकी याच सुमारास काढतात आणि डोंगरातल्या बहुतेक हट (खाण्या-मुक्कामाची घरं) बंद असतात. नोव्हेंबरचीही तीच कथा. हे दोन पडके काळ सोडले तर इथे डोंगर कधी बंद होत नाही. ऋतू बदलला म्हणून लोक घरी बसत नाहीत, कपाटातून दुसरं सामान काढतात. तुम्ही दोघंही आता रिटायर आहात, तुम्हाला कोणती शाळा आडवी येते?

आधी थोडा भूगोल सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. शहर समुद्रसपाटीपासून ५७४ मीटरवर आहे, जवळपास आपल्या नाशिकइतकंच. पण उत्तरेला नोर्डकेटे नावाची डोंगररांग जी उभी राहते ती थेट भिंतच. जुन्या गावाला लागूनच एक छोटी रेल्वे सुटते. आई, वणीला गडावर जायची फ्युनिक्युलर ट्रॉली आहे ना, तसलीच, दोरावर ओढली जाणारी. तिची स्टेशनं झाहा हदीद यांनी बांधली, २००७ साली. तिथून पुढे दोन केबल कार. पहिली सेग्रुबेला सोडते, १९०५ मीटर. म्हणजे कळसूबाई (१६४६ मीटर) खालीच राहिली. दुसरी हाफेलेकारला, २२५६ मीटर. हे सगळं साधारण अर्ध्या तासात, आणि अंगाला घाम नाही. बाबा म्हणतील, यात कसलं ट्रेकिंग! मलाही आधी तसंच वाटायचं. पण इथली माणसं केबल कारने चढण वाचवतात आणि वाचलेली ताकद पुढच्या धारेवर घालवतात.

सध्या हिवाळा आहे, त्यामुळे ट्राममध्ये शेजारी कोण बसलंय हे त्याच्या पायातल्या स्कीच्या बुटांवरून कळतं. १९६४ आणि १९७६ अशी दोन हिवाळी ऑलिम्पिक या गावात झाली. पहिल्या वेळी ऐन स्पर्धेच्या तोंडावर बर्फच पडेना, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैन्याने वरून बर्फाच्या वीस हजार लाद्या आणि चाळीस हजार घनमीटर हिम उतरवून आणलं. बाबांच्या प्रेसमधल्या मित्रांना हा किस्सा जरूर सांगा.

आता आईच्या काळजीचा मुद्दा. टीव्हीवर हिमस्खलनाची बातमी आली की लगेच तुझा फोन येतो, म्हणून नीट सांगते. आखलेल्या, राखलेल्या उतारावर स्की करणं वेगळं आणि मोकळ्या डोंगरात स्की घेऊन चढणं वेगळं. मी दोन्ही करते. दुसऱ्या प्रकारात स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, त्यामुळे पाय मागे घसरत नाही. वर पोचलं की पट्टी सोलून काढायची आणि खाली घसरायचं. धोका असतो, खोटं कशाला बोलू. वारा बर्फ उचलतो आणि धारेच्या आडोशाला नेऊन साचवतो. तिथे घट्ट थर बनतो, खालचा थर मात्र कच्चा राहतो. त्यावर माणसाचं वजन पडलं की अख्खी पाटी सुटते. हे बहुधा तीस अंशांहून तीव्र उतारावर घडतं. म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता टिरोल, दक्षिण टिरोल आणि ट्रेंटिनो या तिन्ही प्रांतांचं मिळून दुसऱ्या दिवसाचं हिमस्खलन-पत्रक निघतं. एक ते पाच अशी धोक्याची पायरी, कोणत्या दिशेचा उतार, किती उंचीच्या वर, सगळं त्यात असतं. आपल्याकडे धरणातून किती पाणी सोडलं हे जसं पावसाळ्यात जो तो विचारतो, तसं इथे ऑफिसात हे पत्रक वाचतात.

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त माणसं पाचव्या पायरीला मरत नाहीत. पाचला कुणी बाहेरच पडत नाही. तिसऱ्या पायरीला मरतात, कारण तीन म्हणजे "मधलं", चालून जाईल असं वाटतं. आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे: तीन असेल तर तीव्र उतार नाही. मग जंगलातून जाणारी सोपी वाट धरायची, नाहीतर घसरगाडी. प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारं यंत्र असतं, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब सळई. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबतच्यांनीच बाहेर काढायचं असतं, हेलिकॉप्टर नंतर येतं. हे आम्ही दर हिवाळ्याच्या सुरुवातीला मैदानात एकमेकांची यंत्रं पुरून शिकतो. तेव्हा आई, टीव्ही बंद कर.

घसरगाडी मात्र बाबांना फार आवडली असती. लाकडी गाडी दोरीने ओढत तास-दीड तास चढायचं, वरच्या हटमध्ये गरम सूप प्यायचं आणि कपाळावर दिवा लावून वळणांवरून खाली सुटायचं. ब्रेक म्हणजे स्वतःच्याच टाचा. चिऊला हेच हवंय, पण तिला पुढच्या नाताळात दादा-वहिनीबरोबर पाठवा. तुमच्याबरोबर नको, तुमची दमछाक होईल.

उन्हाळ्याचं थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उघडं असतं आणि सगळे तिथेच असतात. श्रावणातल्या रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर लागते तशी रांग इथेही लोखंडी दोरांच्या कातळवाटांवर लागते, फक्त इथे प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि दोराला अडकवलेली कडी असते. दुपारनंतर विजांची वादळं येतात, म्हणून पहाटे निघून एकपर्यंत उतरायचं. इम्स्टच्या घळीत राफ्टिंगही होतं. तुम्हाला त्यातलं काही नकोय.

तर सप्टेंबर. यंदा गणपती १४ तारखेला आहेत. महालक्ष्म्यांचं विसर्जन करून वीसच्या आसपास निघा आणि ११ ऑक्टोबरला घट बसायच्या आत परत जा. पितृपक्षातली आजोबांची तिथी दादा करेल, मी त्याच्याशी बोलले आहे. तेवढे दिवस कुंभमेळ्याच्या खोदकामाची धूळही चुकेल! त्या सुमारास इथे हवा थंड आणि बऱ्यापैकी स्थिर होते, वादळं कमी होतात, हट अजून उघड्या असतात आणि गर्दी ओसरलेली असते. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरलेल्या गाई याच दिवसांत फुलांचे मुकुट आणि मोठाल्या घंटा घालून गावात उतरवतात. आपला पोळा बैलांचा, यांचा गाईंचा. ऑक्टोबर लागला की लार्चची झाडं पिवळी पडू लागतात. हे सूचीपर्णी असूनही पानं गाळतं, बाबांना बघायला आवडेल.

पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही. मग पाटशरकोफेल डोंगरावर केबल कारने जाऊन त्सिर्बेनवेग नावाच्या वाटेने चालायचं. साधारण दोन हजार मीटरवरून ती जवळजवळ सपाट जाते, सातेक किलोमीटर, जुन्या पाइन वृक्षांमधून, आणि दुसऱ्या टोकाला उतरायला पुन्हा लिफ्ट. आईच्या गुडघ्यांसाठी ही वाट मी मुद्दाम निवडली आहे. आणखी एक दिवस स्टुबाय हिमनदीवर. ३२१० मीटरवर पाहण्याची गच्ची आहे, तिथे सप्टेंबरातही बर्फात हात घालता येतो. तिथेच हिमनदीवर पांढऱ्या कापडाची पांघरुणं दिसतील, बर्फ वितळू नये म्हणून घातलेली. इथली गिर्यारोहक संघटना, आल्पेनफेराइन, १८९१ पासून हिमनद्यांची मापं घेते आहे आणि ती आखडतच चालली आहेत. पाहायचं तर लवकर पाहिलेलं बरं.

एक रात्र हटमध्ये राहू. संघटनेची मी सभासद असल्याने मला तरी तिथे सवलत आहे. बूट दाराशी काढायचे, आतल्या चपला घालायच्या, पातळ सुती झोपायची पिशवी आपली आपण न्यायची. झोपायला लांबच लांब सामायिक फळी असते, त्यामुळे बाबांच्या घोरण्याबद्दल मी शेजाऱ्यांची आगाऊ क्षमा मागेन. शाकाहाराचं जमतं, फक्त सूपमधल्या पावाच्या गोळ्यात डुकराचं मांस नाही ना, हे विचारून घ्यावं लागतं. काइझरश्मार्न म्हणून एक जाड गोड धिरडं तुकडे करून आलुबुखाराच्या मुरंब्याबरोबर देतात. त्यात अंडं असतं, आईने आपलं ठरवावं.

बाबा, तयारी आतापासून करा. इथल्या पाट्यांवर किलोमीटर लिहीत नाहीत, तास लिहितात. तासाला ३०० मीटर चढण किंवा ५०० मीटर उतार, असा साधारण हिशेब असतो. त्र्यंबकहून ब्रह्मगिरी साडेपाचशे-सहाशे मीटर चढतो, म्हणजे दोन तासांत वर गेलात तर इथल्या पाट्या तुम्हाला लागू. मार्चपासून ऊन तापायच्या आत, सकाळी लवकर जात जा. उतरताना दोन काठ्या वापरा, त्या आतापासूनच घ्या. "मला काठी कशाला" हे चालणार नाही. इथे विशीतली पोरंही वापरतात.

व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मार्चअखेरपासून तारीख बघा. प्रवास विमा किमान तीस हजार युरोचा लागतोच, पण एजंटला नीट विचारा की डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात धरलाय का. बऱ्याच पॉलिसीत नसतो. नसेल तर तुम्हा दोघांना मी इथूनच संघटनेचं सभासद करून घेते, वर्गणीतच बचावाचा विमा असतो.

बूट नाशिकलाच घ्या, घोट्याच्या वर येणारे, आणि निदान दोन महिने वापरून या. सामानात गोडा मसाला पाव किलो आणि चिवडा. बाकी डाळ-तांदूळ सगळं इथे मिळतं, आई, कृपा करून कुकर आणू नकोस.

तारखा ठरल्या की दादाला सांगा, तिकिटं तोच बघतोय.

तुमची,
मनू