मागचे गेट उघडण्याबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सोसायटी, इंदिरानगर, नाशिक

विषय : मागचे गेट सकाळ-संध्याकाळ उघडणे आणि ग्रुपवर टाकल्या जाणाऱ्या सूचना

महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीनंतर समितीने मागच्या गेटला कुलूप लावले. नोटिशीत ‘तात्पुरते’ असे लिहिले होते. आता उन्हाळा तोंडावर आला, तरी कुलूप तिथेच आहे.

ते उगाच लावले नव्हते, हे आधीच मान्य करते. त्या आठवड्यात शेजारच्या कॉलनीत एका बाईंची सोनसाखळी ओढली गेली आणि पाठोपाठ आपल्या ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ फिरला. नाशिककरांना बिबट्या गोष्टीतला राहिलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये तो सिडको आणि गोविंदनगरात भर वस्तीत शिरला होता, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यामुळे माणसे घाबरली यात नवल नाही. पण त्या व्हिडिओत दगडी कंपाउंड होते आणि आपल्या मागच्या गल्लीत तसले कंपाउंडच नाही. हे दोन-चार जणांच्या लक्षात आले, ते लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलले आणि विषय तिथेच संपला. ग्रुपवर खुलासा कुणीच टाकला नाही. व्हिडिओ मात्र अजून तिथे आहे.

गेट उघडे होते तेव्हा जॉगिंग ट्रॅक दोन मिनिटांवर होता. आता पुढच्या गेटने वळसा घालावा लागतो. ‘एवढासा वळसा, तेवढेच जास्त चालणे होईल,’ असे मागच्या बैठकीत कुणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. फुटपट्टीने मोजले तर ते खरेही आहे. पण त्या वळशात स्कूल बस आहेत, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकी आहेत, फुटपाथवर मांडलेली दुकाने आहेत आणि केबलसाठी खोदून नीट न बुजवलेला चर आहे. सिंहस्थाची कामे सुरू आहेत तोवर शहरात खोदकाम राहणारच, त्याचा दोष मी समितीला देत नाही. मात्र ज्यांना गुडघेदुखी आहे किंवा रात्री कमी दिसते, त्यांच्यासाठी हा रस्ता बंद असल्यासारखाच आहे.

कोण चालायचे थांबले ते पाहिले का? पुरुष मंडळी अजून जातात. काही जण तर गाडी काढून गोल्फ क्लबच्या मैदानावर फिरायला जातात (चालायला जाण्यासाठी गाडी काढणे हा आपला खास प्रकार). घरात बसल्या त्या बायका आणि सत्तरीपुढचे लोक. संध्याकाळी स्वयंपाक आटोपून अर्धा तास ट्रॅकवर जाणाऱ्या आमच्या विंगच्या बायका आता जिन्यात उभ्या राहून गप्पा मारतात. कारण विचारले तर कुणी ‘वळसा पडतो’ म्हणत नाही. ‘दिवस बरे नाहीत हो’ हेच उत्तर.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून या उत्तराकडे माझे जास्त लक्ष जाते. माणसे नकाशावरच्या परिसरात राहतात, पण बाहेर पडायचे की नाही हे ठरवतात डोक्यातल्या परिसरावरून. यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. 2016 मध्ये जेम्स सॅलिस या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 10 देशांतल्या 14 शहरांचा अभ्यास मांडला. त्यात 6,822 प्रौढांच्या कमरेला यंत्र लावून त्यांची हालचाल मोजली होती. चालायला सर्वांत सोयीच्या आणि सर्वांत गैरसोयीच्या वस्त्यांमध्ये आठवड्याला 68 ते 89 मिनिटांचा फरक निघाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे त्यातला जवळपास अर्धा भाग माणूस कुठल्या वस्तीत राहतो याच्याशी जोडलेला.

ही झाली प्रत्यक्ष वस्तीची गोष्ट. आपल्याला जास्त लागू पडतो तो ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराचा, 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. तिथे काही लोक चालायला सोयीच्या भागात राहत होते, पण त्यांना स्वतःला तो भाग तसा वाटत नव्हता. चार वर्षांनी पाहिले, तर कुठे जाण्यायेण्यासाठी पायी चालणे त्यांचे इतरांपेक्षा जास्त घटले होते. दुकाने, वस्ती जवळ असूनही ज्यांना ती तशी वाटत नव्हती, त्यांचे वजनही उंचीच्या मानाने जास्त वाढले होते. रस्ते तेच, दुकाने तीच.

आपल्याकडे चेन्नईतही असा अभ्यास झाला आहे. अशा पाहण्यांसाठी जी प्रश्नावली वापरतात, ती भारतीय शहरांसाठी बदलून तिथे तपासली गेली. त्यातले प्रश्न साधे असतात : रात्री रस्त्यावर पुरेसा उजेड असतो का, चालणारा माणूस घरांतून दिसतो का, चालताना माणसे भेटतात आणि बोलतात का, चोरीमारीच्या भीतीने बाहेर पडणे टाळता का. आपल्या मागच्या गल्लीला हे प्रश्न लावून पाहा. सी विंगच्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्या गल्लीवर उघडतात. समोरच्या बंगल्यातले आजोबा सकाळभर व्हरांड्यात पेपर वाचत बसतात. पुढच्या रस्त्यावर गर्दी आहे, पण पाहणारे कुणी नाही. आपली गल्ली नापास होते ती फक्त उजेडाच्या प्रश्नात, कारण गेटजवळचा आपलाच दिवा बंद आहे. आणि कुलूप लागल्यापासून माणसे भेटण्याच्या प्रश्नातही नापास, कारण त्या गल्लीत आता जातेच कोण?

भीतीचे असेच असते. चार जण कमी झाले की पाचव्याला ती जागा निर्जन वाटते आणि तोही येईनासा होतो. सोनसाखळी ओढणाऱ्याला तर रिकामी गल्लीच हवी असते.

देशभराचे चित्रही फार वेगळे नाही. 2024 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातल्या 100 प्रौढ स्त्रियांपैकी 57 जणींची हालचाल पुरेशी नाही, पुरुषांत हे प्रमाण 42 आहे. आपल्या सोसायटीत मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या किती घरांत आहेत, हे मेडिकलवाल्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत असेल.

म्हणून विनंती अशी, की गेट सकाळी उजाडल्यावर, म्हणजे सहा ते साडेआठ, आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उघडे ठेवावे. बाकी वेळ कुलूप राहू द्या, त्याला हरकत नाही. बिबट्या मुख्यतः रात्री फिरतो, तेव्हा रात्रीचे कुलूप शहाणपणाचेच आहे. पण त्याची खरी काळजी असेल तर गेटबाहेरचा उकिरडा आधी हलवायला हवा. तिथे टाकलेल्या शिळ्यापाक्यावर कुत्री आणि डुकरे जमतात आणि बिबट्या येतो तो त्यांच्या मागे. घंटागाडी रोज दारात येत असताना आपल्यातलेच काही जण पिशव्या भिंतीवरून फेकतात. कोण, ते सी विंगच्या खिडक्यांना ठाऊक आहे. मी नावे लिहीत नाही.

गेटजवळचा दिवा सोसायटीच्या खर्चाने बदलावा. गल्लीतल्या महापालिकेच्या खांबांची तक्रार मी करते, समितीने फक्त लेटरहेडवर एक पत्र द्यावे.

ग्रुपबद्दल थोडे स्पष्ट बोलते. चोरीची किंवा जनावराची खबर टाकताना ठिकाण, तारीख आणि ती कुणी खात्री करून घेतली, एवढे लिहिल्याशिवाय ॲडमिनने ती राहू देऊ नये. बिबट्या दिसलाच तर वनविभागाला 1926 वर आणि पोलिसांना 112 वर फोन करायचा, ग्रुप त्यानंतर. खबर खोटी निघाली तर खुलासाही तिथेच, तेवढ्याच ठळकपणे आला पाहिजे.

जाता जाता एक. ‘पार्किंगमध्ये सायकल चालवण्यास सक्त मनाई’ ही पाटी अजून लावलेली आहे. मुलांना रोज तासभर हालचाल हवी असते. मागचे गेट बंद, पार्किंग बंद, मग त्यांनी जावे कुठे? निदान गाड्या बाहेर गेलेल्या असतात तेव्हा, दुपारी चार ते सहा, ती पाटी झाकून ठेवावी.

वॉचमन एकच आहे, दोन्ही गेटांकडे लक्ष कोण देणार, ही अडचण समिती सांगेल. सकाळच्या वेळेची जबाबदारी मी घेते. किल्ली माझ्याकडे द्यावी, वहीत सही करून घ्यावी. संध्याकाळसाठी ए विंगमधल्या दोघी तयार आहेत, त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. हा विषय समितीच्या येत्या बैठकीत घेऊन निर्णय लेखी कळवावा. नकार असेल तर तोही कारणासह लेखी द्यावा, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद, निवृत्त शिक्षिका

प्रत : मा. सचिव